निवासी काळजी केंद्र : खोली राहणाऱ्याची की संस्थेची?

उंबरठा (धागाकर्ता)

निवासी काळजी केंद्रांचा विषय निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एका टोकाला मारहाण, उपासमार आणि लुबाडणुकीच्या बातम्या असतात, तर दुसऱ्या टोकाला "सेवा उत्तम आहे, माणसे प्रेमळ आहेत" अशी प्रशस्तिपत्रे असतात. या दोहोंच्या मध्ये जो रोजचा दिवस असतो त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, आणि हा धागा त्या रोजच्या दिवसासाठी काढला आहे. माझी आत्या अशाच एका केंद्रात राहते. तिच्यावर कोणी हात उगारलेला नाही, औषधे वेळेवर मिळतात, अंथरूण स्वच्छ असते. तरीही तिच्या खोलीत तासभर बसले की काहीतरी खटकत राहते.

उदाहरणे साधी आहेत. कर्मचारी दारावर टकटक करतात, पण टकटक करणे आणि दार ढकलणे एकाच हालचालीत उरकते. "या" म्हणायला मध्ये उसंतच नसते. पलंगाच्या डोक्याशी एक पांढरा फळा आहे. त्यावर आजार, पथ्य, डायपरचा आकार आणि शेवटचे शौच कधी झाले हे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, आणि भेटीला येणारा प्रत्येक जण आत्याशी बोलता बोलता ते वाचून घेतो. पाळी बदलताना जाणारे आणि येणारे कर्मचारी व्हरांड्यात उभे राहून रात्री कोणी अंथरूण ओले केले, कोण रडले, कोणाचा मुलगा पैसे भरायला टाळाटाळ करतो, हे सगळे नेहमीच्या आवाजात एकमेकांना सांगतात. यात दुष्टावा कोठेच नाही, आणि नेमक्या त्यामुळेच तक्रार कशाची करायची हे कळत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १६ डिसेंबर १९९१ रोजी वृद्ध व्यक्तींसाठी काही तत्त्वे स्वीकारली. निवारा, काळजी किंवा उपचार देणाऱ्या कोणत्याही केंद्रात राहताना व्यक्तीची प्रतिष्ठा, श्रद्धा, गरजा आणि खासगीपणा यांचा पूर्ण आदर झाला पाहिजे आणि आपली काळजी कशी घेतली जावी हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे राहिला पाहिजे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तत्त्व म्हणून हे कोणालाही मान्य असते. प्रश्न असा की सकाळी सहा वाजता, बादली आणि टॉवेल घेऊन दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या हातून ते कसे पाळले जावे?

आमच्या केंद्राच्या व्यवस्थापनाने निवाशांकडून आणि नातेवाइकांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. काही नातेवाइकांचा आग्रह आहे की प्रत्येक खोलीत कॅमेरा बसवावा, म्हणजे सगळे प्रश्न सुटतील. माझे मत वेगळे आहे. खासगीपणा आणि कर्मचाऱ्यांची वागणूक हे दोन विषय नसून एकच आहे, असे मला वाटते. ज्या माणसाला दाराबाहेर थांबून उत्तराची वाट पाहायची सवय आहे, त्याला आत गेल्यावर त्या व्यक्तीला सामानासारखे कुशीवर उलटवता येत नाही. पण हे माझे मत झाले. या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

रात्रपाळी

मी निवासी केंद्रांत काळजीवाहक म्हणून काम केले आहे, पुढे नव्या कर्मचाऱ्यांना शिकवण्याचेही काम केले. धागाकर्त्यांनी जे लिहिले ते खरे आहे. फक्त दाराच्या आतली बाजूही कोणी मांडली पाहिजे.

अंग पुसण्याचेच उदाहरण घेऊ. पद्धत अशी आहे : दार लावायचे, पडदा ओढायचा, स्वतःचे नाव सांगायचे, आता काय करणार आहोत ते सांगायचे आणि होकाराची वाट पाहायची. बोलता न येणाऱ्याचा होकार डोळ्यांत किंवा हाताच्या सैलपणात दिसतो. मग मोठी चादर अंगभर पांघरायची आणि तिच्याखालून कपडे काढायचे. ज्या भागाला पाणी लावायचे तेवढाच उघडा करायचा, पुसून कोरडा करायचा, लगेच झाकायचा आणि मग पुढच्या भागाकडे वळायचे. चेहरा आधी, गुप्तांग शेवटी. ज्याचा हात चालतो त्याला चेहरा आणि गुप्तांग स्वतः पुसू द्यायचे. ओला रुमाल हातात द्यायचा आणि पाठ वळवून उभे राहायचे. हे सगळे नीट केले तर त्या माणसाचे अंग एकदाही पूर्ण उघडे पडत नाही.

आता गणित पाहा. समजा, न्याहारीच्या आधीच्या दोन तासांत एका कर्मचाऱ्याला दहा जणांचे सगळे आटोपायचे आहे. प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात, आणि त्यांतच चादरी बदलणे, घंटा वाजली म्हणून मध्येच धावणे आणि वहीत नोंद करणेही आले. या बारा मिनिटांत सर्वांत आधी काय गळते? होकाराची वाट पाहणे गळते. त्यानंतर पडदा जातो, कारण गरम पाण्यासाठी पुनःपुन्हा आतबाहेर करावे लागते. शेवटी चादर जाते. कर्मचारी निर्दय असतो म्हणून हे घडत नाही, तर तपासायला येणारा अधिकारी न्याहारी वेळेवर झाली का हे पाहतो आणि चादर पांघरली होती का हे पाहणारा कोणीच नसतो, म्हणून घडते.

याचा अर्थ कर्मचाऱ्यांना मोकळीक द्यावी असा मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार निवासी काळजी केंद्रांतील तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी, आपण मागच्या वर्षभरात निवाशांशी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे गैरवर्तन केल्याचे सर्वेक्षणांत सांगितले आहे. हा आकडा वाचून लोकांच्या डोळ्यांपुढे मारहाण येते. पण गैरवर्तनाच्या व्याख्येत ओरडणे, अपमान करणे, धाक घालणे आणि हेळसांड करणे हेही येते, आणि खोलीबाहेर कधीच न पोहोचणारा मोठा भाग त्याच प्रकारचा असतो. "आत्ताच तर नेले होते, आता तासभर नाव काढायचे नाही" हे शौचालयाला जाऊ इच्छिणाऱ्या माणसाला ऐकवणे म्हणजे गैरवर्तनच आहे, मग ते कितीही हसत ऐकवलेले असो.

---

दूरचा_मुलगा

धागाकर्ते आणि रात्रपाळी, दोघांचेही म्हणणे समजले, तरीही मी कॅमेऱ्याच्या बाजूने लिहिणार आहे.

माझे वडील स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आहेत आणि मी त्यांच्यापासून फार दूर राहतो. एकदा भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ होते. विचारले तर "पलंगाच्या कठड्याला लागले असेल" असे उत्तर मिळाले. कठड्याला बोटे नसतात. वडिलांना काही सांगता येत नव्हते, नोंदवहीत काही लिहिलेले नव्हते आणि त्या दिवशी कामावर कोण होते हे विचारल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. अशा वेळी खासगीपणाचे तत्त्व घेऊन मी काय करायचे? ज्याला स्वतःची बाजू सांगता येत नाही त्याच्यासाठी कॅमेरा हाच एकमेव साक्षीदार आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्याने २००१ मध्ये कायदा करून निवाशांच्या खोलीत कॅमेरा लावण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर इतर राज्यांनीही असे कायदे केले. म्हणजे विचार करणाऱ्या लोकांनीही शेवटी हेच मान्य केले आहे. चादर पांघरली की नाही हे पाहणारा कोणी नसतो, असे रात्रपाळी स्वतःच म्हणत आहेत. मग पाहणारे काहीतरी असावे, एवढीच माझी मागणी आहे.

---

पोटकलम

दूरचा_मुलगा, तुमच्या वडिलांच्या दंडावरच्या वळांबद्दल वाचून वाईट वाटले, आणि त्याची चौकशी झालीच पाहिजे होती. पण त्या कायद्यांचा उल्लेख तुम्ही अर्धाच केला आहे. मी वकिली करतो, म्हणून उरलेला अर्धा इथे मांडतो.

इलिनॉय राज्याचा याच विषयावरचा कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. तो वाचला तर कळते की कॅमेरा कोणी लावावा यापेक्षा संमती कोणाची हवी या प्रश्नावरच त्याची बरीचशी शक्ती खर्च झाली आहे. पहिली संमती निवाशाची लागते. खोलीत दुसरी व्यक्ती राहत असेल तर तिचीही लागते. निवाशाला समज राहिलेली नाही असे डॉक्टरांनी ठरवल्यास कुटुंबीय संमती देऊ शकतात, पण त्याआधी निवाशाला विचारावे लागते, आणि त्याने स्पष्ट नकार दर्शवला तर विषय तिथेच संपतो. संमती केव्हाही मागे घेता येते. खोलीच्या दारावर तशी सूचना लावावी लागते. शिवाय निवासी अटी घालू शकतो : आवाज टिपायचा नाही, कपडे बदलताना, अंघोळीच्या वेळी किंवा तपासणी चालू असताना कॅमेरा बंद ठेवायचा किंवा झाकायचा, वकील, धर्मोपदेशक किंवा जोडीदार भेटायला आला असता तो चालू ठेवायचा नाही. म्हणजे ज्या कायद्याने कॅमेऱ्याला दार उघडून दिले, त्यानेच त्या दाराची कडी निवाशाच्या हातात ठेवली आहे.

आता व्यवहारातली मेख पाहा. अंगावर वळ उठवणारी बहुतेक कामे, म्हणजे उचलणे, कुशीवर वळवणे, कपडे घालणे, नेमकी कॅमेरा बंद असण्याच्या वेळेत होतात. तो बंद ठेवला नाही तर आयुष्यभर अंग झाकून वावरलेल्या माणसाचे उघडे अंग एखाद्या सर्व्हरवर साठत जाते, आणि ते पाहण्याचा संकेतशब्द तीन भावंडांकडे, त्यांच्या जोडीदारांकडे आणि कॅमेरा बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडे असतो. कॅमेरा लावायचाच असेल तर चित्रण कोण पाहणार, ते किती दिवस ठेवले जाणार आणि कधी पुसले जाणार, हे आधी कागदावर ठरवून घ्यावे. तेवढी तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊच नये.

भारतापुरते सांगायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, मानसिक आजारासाठी उपचार केंद्रात राहणाऱ्या व्यक्तीला खासगीपणाचा आणि शरीर उघडे पडू नये असे योग्य कपडे मिळण्याचा हक्क आहे. इंग्लंडमध्ये काळजी सेवांसाठीच्या २०१४ च्या नियमांतला दहावा नियम प्रतिष्ठा आणि आदर याच विषयाचा असून त्यात खासगीपणा जपण्याची जबाबदारी सेवा देणाऱ्या संस्थेवर टाकलेली आहे. शब्दांची वानवा कोठेच नाही.

---

तिरकस

सगळा रोख कर्मचाऱ्यांवर चालला आहे म्हणून थोडे वेगळे लिहितो. दार न वाजवता आत शिरणाऱ्यांत पहिला क्रमांक नातेवाइकांचा लागतो. आल्या आल्या आईचे कपाट उघडायचे, खण तपासायचे, आलेली पत्रे वाचायची, मोबाइलमधले संदेश पाहायचे, परिचारिकेला आईसमोरच "पोट साफ झाले का हिचे?" असे विचारायचे आणि जाताना तिचा विस्कटलेल्या केसांतला फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा. वर कर्मचाऱ्यांना शिस्त हवी म्हणून अर्ज करायचा.

कर्मचाऱ्यांनी फोटो काढू नयेत या नियमाला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. फक्त तो नियम दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला लावा.

---

पोटकलम

तिरकस यांच्या मुद्द्याला जोडून. निवाशांचे अपमानास्पद फोटो आणि चित्रफिती कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर टाकल्याची अनेक प्रकरणे अमेरिकेत उघडकीस आल्यावर तिथल्या केंद्रीय यंत्रणेने ऑगस्ट २०१६ मध्ये तपासणी अधिकाऱ्यांना सूचना काढली, की असे चित्रण हा मानसिक छळाचा प्रकार मानावा आणि प्रत्येक केंद्रात याविषयी लेखी धोरण आहे का ते तपासावे. वाढदिवसाचा फोटो आणि विटंबनेचा फोटो यांत फरक अर्थातच आहे, पण दोन्हींना संमती लागते.

---

एकटीच

मी स्वतः निवासी आहे, नातेवाईक नव्हे. या धाग्यावर आतापर्यंत आमच्याविषयी बरेच बोलले गेले, म्हणून एक निवासी म्हणून लिहिते.

अंघोळीपेक्षा मला जास्त बोचते ते माझ्या डोक्यावरून होणारे संभाषण. दोन कर्मचारी मला खुर्चीवरून पलंगावर घेत असतात. एकीचा हात माझ्या काखेत असतो, दुसरीचा गुडघ्यांखाली, आणि त्या दोघी आपापसांत पुढच्या आठवड्याच्या रजेविषयी बोलत असतात. मी त्या वेळी तिथे नसतेच. याउलट एक मुलगी आहे, ती फार बोलत नाही, पण उचलण्याआधी "तीन म्हटले की" असे सांगते आणि आकडे मला मोजायला लावते. माझ्या हातात तेवढा एक आकडा असतो, आणि त्याने बराच फरक पडतो.

दुसरी गोष्ट कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. इथे दोन माणसांची मैत्री झाली, ती दुपारी एकमेकांच्या खोलीत बसू लागली, की कर्मचाऱ्यांमध्ये कुजबुज सुरू होते, कोणीतरी मुद्दाम दार उघडे ठेवते आणि कोणीतरी मुलीला फोन करते. दोघेही पासष्टीच्या पुढचे, दोघेही आपापल्या बँकेचे व्यवहार स्वतः पाहणारे, आणि तरीही शाळेतल्या मुलांसारखी त्यांची चहाडी होते. न्यूयॉर्कच्या हिब्रू होम ॲट रिव्हरडेल या केंद्राने १९९५ मध्येच निवाशांच्या जवळिकीच्या हक्काविषयी लेखी धोरण केले होते, असे वाचल्याचे आठवते. आम्ही एवढे मोठे काही मागत नाही. दारावर "कृपया आत येऊ नये" अशी पाटी अडकवायची सोय असावी, ती पाटी लावल्याचे कारण कोणी विचारू नये आणि जीव धोक्यात असल्याशिवाय ती ओलांडू नये, एवढेच मागणे आहे.

---

उंबरठा

एकटीच, तुमचा प्रतिसाद वाचून धाग्याचे शीर्षक योग्य ठेवले असे वाटले. दाराच्या पाटीची सूचना आम्ही जशीच्या तशी घेत आहोत. मात्र एक अडचण आहे. आमच्याकडे स्मृतिभ्रंशाचे काही निवासी चालत चालत दुसऱ्यांच्या खोल्यांत शिरतात आणि त्यामुळे बरेच जण आतून कडी लावतात. कर्मचारी कडीला विरोध करतात, कारण कोणी आत पडले तर दार फोडावे लागेल. यावर काय करावे?

---

रात्रपाळी

कडीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. आतून लागणारे आणि बाहेरून फिरवून उघडता येणारे कुलूप शौचालयांच्या दारांसाठी सर्रास मिळते. तेच खोलीला लावावे आणि त्याची किल्ली पाळीप्रमुखाकडे असावी. ती वापरली की वेळ आणि कारण वहीत लिहावे. शौचालयाचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे, म्हणजे आत कोणी पडले तर दार त्याच्या अंगावर अडकत नाही. भटकणाऱ्या निवाशाच्या स्वतःच्या दारावर त्याचा तरुणपणीचा फोटो किंवा ओळखीची एखादी वस्तू लावली तर पुष्कळांना आपली खोली सापडते. फोटो म्हातारपणीचा लावू नये. स्मृतिभ्रंशात स्वतःचा आजचा चेहरा अनेकांना ओळखता येत नाही.

आता दूरचा_मुलगा यांच्याविषयी, कारण त्यांना अजून कोणी कामाचे उत्तर दिलेले नाही. वळ दिसले की काय व्हायला हवे? अंगावर नवी खूण दिसताच, ती कोणामुळे झाली याची वाट न पाहता, शरीराच्या आकृतीवर तिची जागा, आकार आणि रंग नोंदवायचा, वेळ आणि पाहणाऱ्याची सही घ्यायची आणि त्याच दिवशी कुटुंबाला कळवायचे. ही नोंद रोजच्या अंघोळीच्या वेळी होते, कारण अंग त्याच वेळी दिसते. जिथे असा नकाशा नियमाने भरला जातो तिथे "कठड्याला लागले असेल" हे उत्तर टिकत नाही. काल खूण नव्हती आणि आज आहे, म्हणजे मधल्या पाळ्यांना जाब विचारता येतो. कॅमेऱ्यापेक्षा ही जुनी वही जास्त सांगते, असा माझा अनुभव आहे. अर्थात ती वही प्रामाणिकपणे भरली गेली पाहिजे, आणि कर्मचारी ती प्रामाणिकपणे केव्हा भरतात? खूण नोंदवणाऱ्यालाच आधी दोषी धरले जात नाही तेव्हा.

उलट बाजूही सांगते. निवासीही कर्मचाऱ्यांशी वाईट वागतात. चिमटे काढतात, जातीवरून बोलतात, नको तिथे हात लावतात. कधी आजारामुळे, कधी पूर्ण शुद्धीत. नव्या मुली हे कोणाला सांगत नाहीत, कारण "म्हातारे माणूस आहे, सोडून दे" हे उत्तर ठरलेले असते. ज्या कर्मचाऱ्याच्या अंगाला कोणी किंमत देत नाही त्याच्याकडून दुसऱ्याच्या अंगाची किंमत राखण्याची अपेक्षा करणे मला नेहमीच विचित्र वाटत आले आहे. केंद्राच्या आचारसंहितेत या बाजूसाठीही एक पान असावे.

---

दूरचा_मुलगा

शरीराच्या आकृतीवरची नोंद मला कोणीच कधी दाखवली नाही. अशी काही पद्धत असते हेही माहीत नव्हते. उद्याच मागून पाहतो. मात्र नोंद नसेल आणि मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर कोणाकडे जायचे? केंद्राच्या तक्रारपेटीची किल्ली व्यवस्थापकाकडेच असते.

---

पोटकलम

तक्रारीची खरी अडचण तीच आहे. ज्याच्या हातून जेवायचे, ज्याच्या हातून शौचालयात जायचे, त्याचीच तक्रार त्याच्याच वरिष्ठाकडे करायची, आणि रात्र पुन्हा त्याच्याच ताब्यात काढायची. बरेच निवासी नातेवाइकांना "तू काही बोलू नकोस" असे विनवतात ते याच भीतीने. म्हणून तक्रार ऐकणारा माणूस बाहेरचा असणे हाच त्यावर उपाय आहे. अमेरिकेत दीर्घकालीन काळजी केंद्रांसाठी तक्रारनिवारक लोकपालाची योजना १९७२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि १९७८ मध्ये प्रत्येक राज्याला बंधनकारक झाली. लोकपालाचा माणूस केंद्रात येऊन निवाशाशी एकांतात बोलू शकतो, आणि निवाशाच्या परवानगीशिवाय त्याचे नाव उघड करत नाही. ऑस्ट्रेलियात १ एप्रिल २०२१ पासून गंभीर घटना नियामक यंत्रणेला कळवणे केंद्रांवर बंधनकारक आहे. अतिगंभीर घटनांसाठी मुदत २४ तासांची आहे.

जिथे अशी यंत्रणा नाही तिथे निदान तीन गोष्टी लेखी मागता येतात : तक्रारीची पोच, उत्तराची तारीख आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या कर्मचाऱ्याला चौकशी संपेपर्यंत त्या निवाशाच्या अंगाच्या कामावरून बाजूला ठेवणे. तिसरी मागणी शिक्षा म्हणून करायची नसते. निवाशाची भीती आणि कर्मचाऱ्यावर नवा आरोप येण्याचा धोका, दोन्ही त्यातून टळतात. मारहाणीचा किंवा लैंगिक छळाचा संशय असेल तर मात्र केंद्राच्या उत्तराची वाट पाहू नये, सरळ पोलिसांकडे जावे.

---

जुना_वाचक

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून थोडे अवांतर. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या मनोरुग्णालयात निरीक्षण केले आणि १९६१ मध्ये ते प्रसिद्ध केले. झोप, काम आणि विरंगुळा एकाच छताखाली, एकाच अधिकाराखाली, एकाच वेळापत्रकाने चालतात तिथे माणसाचे काय होते, हा त्यांचा विषय होता. प्रवेशाच्या दिवशी कपडे काढून घेणे, सामानाची यादी करणे, अंग धुणे, नियम वाचून दाखवणे या क्रमात माणूस स्वतःची ओळख दाराशी ठेवून आत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. एकटीच यांचे "मी तिथे नसतेच" हे वाक्य वाचून त्याची आठवण झाली. आजच्या केंद्रांत भिंती रंगीत आहेत आणि पडदे फुलाफुलांचे आहेत, पण प्रवेशाच्या दिवसाचा क्रम फारसा बदललेला नाही. कोणी या क्रमात "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" हा प्रश्न पहिला ठेवला आहे का?

---

एकटीच

नाही. मला पहिल्या दिवशी विचारले ते रक्तगट आणि बिल कोणाच्या नावाने पाठवायचे हे. हाक काय मारायची ते त्यांनीच ठरवले, आणि तेव्हापासून मी सगळ्यांची आजी आहे. मला नातवंडे नाहीत.

---

उंबरठा

सर्वांचे आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून आम्ही व्यवस्थापनाला देण्याच्या पत्राचा मसुदा केला आहे. पलंगाजवळचा फळा काढून ती माहिती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावी; पाळी बदलतानाचे बोलणे बंद खोलीत व्हावे; प्रवेशअर्जात हाक मारण्याचे नाव, अंगाच्या कामासाठी स्त्री हवी की पुरुष आणि अंघोळीची पसंतीची वेळ हे रकाने असावेत; दारासाठी पाटी आणि बाहेरून उघडणारे कुलूप मिळावे; अंगावरच्या खुणांची नोंद मागितल्यावर दाखवली जावी. सकाळच्या कामाला माणसे वाढवावीत किंवा अंघोळी दिवसभरात विभागाव्यात, ही मागणी आम्ही सर्वांत वर ठेवली आहे, कारण रात्रपाळी यांचे बारा मिनिटांचे गणित पटले. कॅमेऱ्याविषयी एवढेच लिहिले आहे की सरसकट बसवू नयेत. एखाद्या निवाशाने मागितल्यास लेखी अटींसह त्याच्या एकट्याच्या खोलीत विचार व्हावा.

एक मुद्दा मात्र अडला आहे. रात्री दर दोन तासांनी प्रत्येक खोलीचे दार उघडून दिवा लावला जातो. व्यवस्थापन म्हणते हे सुरक्षिततेसाठी आहे, निवासी म्हणतात झोप लागत नाही. इथे कोणाच्या बाजूने लिहावे?

---

रात्रपाळी

बाजू घ्यायची गरज नाही. दोन तासांचा आकडा ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही अशांसाठी रूढ झाला, कारण एकाच जागी दाब राहिला की कातडी फाटून जखमा होतात. तोही प्रत्येकाच्या कातडीकडे आणि गादीकडे पाहून कमीजास्त करायचा असतो. जो माणूस रात्री उठून स्वतः शौचालयात जातो त्याच्या खोलीत दिवा लावून काहीही साधत नाही. उलट झोपमोडीने तो दुसऱ्या दिवशी धडपडतो.

पत्रात असे लिहा, की रात्रीच्या फेरीचा तक्ता व्यक्तीनिहाय करावा, तो निवाशाशी बोलून ठरवावा आणि त्यावर त्याची सही असावी. कोणाला दोनदा पाहिलेले हवे असते, कोणाला मुळीच नको असते, कोणाला फक्त दार किलकिले ठेवलेले चालते. खोलीतला दिवा लावायचा नाही, हातातली विजेरी जमिनीकडे धरायची. ज्यांना कुशीवर वळवायचे आहे त्यांना स्पर्श करण्याआधी नाव घेऊन हाक मारायची, मग ते गाढ झोपेत असोत वा बेशुद्धीत. आणि तक्ता दर तीन महिन्यांनी, किंवा तब्येत बदलली की लगेच, पुन्हा पाहायचा. हे शेवटचे कलम विसरू नका, कारण व्यवस्थापने एकदा भरलेला तक्ता वर्षानुवर्षे तसाच ठेवतात.